शुद्धलेखन यंत्राचे, शब्द आपले

लिहून झालेला मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून तपासून घेण्याची सवय आता अर्ज लिहिणाऱ्यापासून पुस्तक लिहिणाऱ्यापर्यंत सर्वांना लागली आहे. चूक दाखवण्यात हे साधन तरबेज आहे. मात्र चूक सुधारण्याच्या निमित्ताने ते कित्येकदा मजकूरच बदलून टाकते. त्याच्याकडून नेमके काय करून घ्यावे आणि काय करू देऊ नये, याचा हा आढावा.

गेल्या वर्षी आमच्या आजीचे वर्षश्राद्ध होते. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी त्या दिवशी नातेवाइकांना एक छोटी पुस्तिका वाटावी, असे घरात ठरले. थोरले चुलते, म्हणजे आमचे तात्या, यांनी शाळकरी वहीची अकरा पाने भरून आपल्या आईविषयी लिहिले आणि वही माझ्या हाती देत सांगितले, "तू पेपरात हाईस. जरा शुद्ध करून छापाय दे."

हाताशी वेळ कमी होता. वहीतील मजकूर संगणकावर टंकलिखित केला, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका संवादी साधनात चिकटवला आणि 'शुद्धलेखन तपासून लेख व्यवस्थित करून दे' एवढीच सूचना दिली. अर्ध्या मिनिटात लेख परत आला. ऱ्हस्व-दीर्घाची चूक शोधून सापडत नव्हती. वाक्ये गुळगुळीत, परिच्छेद नेटके. पाने छापून तात्यांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "समदं बरोबर हाय रे. पण ही आमची आई न्हवं. ही कुणाची तरी आई हाय."

घरी आल्यावर वही आणि छापील पाने शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ उलगडला. तात्यांनी लिहिले होते, 'आई जात्यावर बसली की अंधार असायचा आन् उठली की उजाडल्यालं असायचं.' छापील पानावर होते, 'त्या पहाटे लवकर उठून दळण दळत असत. त्या अत्यंत कष्टाळू व प्रेमळ स्वभावाच्या होत्या.' आईला 'ती' म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडी 'त्या' आले होते. शेवटी तिच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाल्याचे, वहीत कोठेही नसलेले वाक्य जोडले गेले होते. आणि सर्वांत गंभीर बदल तिसऱ्या पानावर होता. वहीत होते, 'सहा लेकरं झाली, पाच जगली.' त्याचे झाले होते, 'त्यांनी पाच मुलांचे उत्तम संगोपन केले.' एक मूल कोणत्याही व्याकरणाच्या चुकीशिवाय मजकुरातून नाहीसे झाले होते आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

यात साधनाचा दोष किती आणि ते वापरणाऱ्याचा किती, याचा विचार करता दुसरे पारडे जड ठरते. 'व्यवस्थित करून दे' या सूचनेत सगळेच आले. यंत्राने ती आज्ञा अक्षरशः पाळली. प्रश्न असा आहे की, आपल्याला नेमके काय करून हवे आहे, हे मागणाऱ्याला तरी ठाऊक असते का?

मुद्रितशोधकाची रिकामी खुर्ची

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात प्रत्येक छापखान्यात आणि वृत्तपत्रात मुद्रितशोधक असत. जुळाऱ्याने जुळवलेल्या मजकुराचा कच्चा ठसा त्यांच्यापुढे येई. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने मुद्रितावर डोळा ठेवायचा, ही जोडीची पद्धत अनेक ठिकाणी होती. संगणकावर पाने लागू लागली, लेखकच टंकलेखक झाला आणि ही खुर्ची हळूहळू रिकामी होत गेली. घरी बसून अर्ज, अहवाल, कथा किंवा मृत्युलेख लिहिणाऱ्या सामान्य माणसाला तर असा माणूस कधीच उपलब्ध नव्हता. ही उणीव आता यंत्र भरून काढत आहे आणि त्या दृष्टीने त्याचे स्वागतच करायला हवे.

आपण लिहिलेल्या मजकुरातील चुका आपल्याला दिसत नाहीत, याचे कारण निष्काळजीपणा हेच असते असे नाही. लिहिणाऱ्याला वाक्याचा अर्थ आधीच ठाऊक असतो. त्यामुळे डोळा कागदावर जे आहे ते न वाचता मनात जे आहे ते वाचतो. गळलेला शब्द मन भरून काढते, दोनदा पडलेला 'की' वगळून टाकते. म्हणून दुसरी नजर लागते.

परंतु जुन्या मुद्रितशोधकाची एक शिस्त होती. लेखकाचे म्हणणे बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे तो जाणत असे. वेलांटी, उकार, विरामचिन्ह तो सुधारी. पण वाक्याच्या अर्थाविषयी शंका आली, तर तो समासात प्रश्नचिन्ह करून मुद्रित लेखकाकडे परत पाठवी. मुद्रितशोधन, संपादन आणि पुनर्लेखन ही तीन वेगळी कामे आहेत. पहिल्यात चूक दुरुस्त होते, दुसऱ्यात मांडणी सुधारते, तिसऱ्यात लेखकच बदलतो. यंत्राला या तिन्हींतील सीमारेषा आपण आखून दिली नाही, तर ते पहिल्या कामासाठी आत शिरते आणि तिसरे करून बाहेर पडते.

शब्दांची यादी आणि संदर्भाचे भान

संगणकावरील जुना शुद्धलेखन तपासनीस आणि आजचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन यांत मूलभूत फरक आहे. जुना तपासनीस यादीवर चालतो. लिहिलेला शब्द यादीत असला तर बरोबर, नसला तर त्याच्याखाली लाल रेघ. मराठीसाठी ही पद्धत तोकडी पडते, कारण आपला शब्द एकटा येत नाही. 'घर' या एका शब्दापासून घराला, घरातून, घरासमोरच्या, घरापर्यंतसुद्धा अशी कितीतरी रूपे तयार होतात. ती सगळी यादीत घालणे शक्य नसल्याने मूळ शब्द आणि प्रत्यय जोडण्याचे नियम वेगळे साठवावे लागतात. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स वापरत असलेली 'हनस्पेल' ही प्रणाली मुळात हंगेरियन भाषेसाठी तयार झाली, कारण तीही अशीच प्रत्ययांची भाषा आहे. त्याच प्रणालीवर चालणारा मराठी शब्दसंग्रहही उपलब्ध आहे.

तरीही यादीवर चालणाऱ्या तपासनिसाला एक मर्यादा ओलांडता येत नाही. 'महाराष्ट्र दीन उत्साहात साजरा' असे लिहिले, तर तो गप्प बसतो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हे दोन्ही शब्द यादीत आहेतच. 'पीक' म्हणजे शेतातले आणि 'पिक' म्हणजे कोकीळ. 'सूर' म्हणजे आवाज आणि 'सुर' म्हणजे देव. 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी आणि 'शिर' म्हणजे मस्तक. अशा जोड्यांत चूक कोणती हे शब्दावरून ठरत नाही, आजूबाजूच्या वाक्यावरून ठरते.

नवी साधने येथे सरस ठरतात. २०१७ मध्ये संशोधकांनी मांडलेल्या 'ट्रान्सफॉर्मर' या रचनेवर ती उभी आहेत आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' खुले झाल्यानंतर ती सामान्य वापरात आली. 'जेमिनी', 'क्लॉड', 'कोपायलट' ही त्याच जातीची साधने. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दापाठोपाठ कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, हे त्यांनी आत्मसात केलेले असते. 'महाराष्ट्र' आणि 'साजरा' यांच्यामध्ये 'दीन' येणे संभवत नाही, हे त्यांना संदर्भावरून कळते. कर्ता अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी राहिले, लांब वाक्यात लिंग बदलले, परिच्छेदाच्या आरंभी 'आपण' म्हणून शेवटी 'तुम्ही' म्हटले, अशा चुका ती झटकन टिपतात.

मात्र याच गुणाच्या पोटात दोष दडलेला आहे. जे अधिक वेळा लिहिले जाते ते या साधनांना अधिक योग्य वाटते. जात्यावरच्या अंधाराचे वाक्य क्वचित कोणी लिहिते. 'अत्यंत कष्टाळू व प्रेमळ' हे शब्द मात्र हजारो मृत्युलेखांत आढळतात. यंत्राने तात्यांचे वाक्य सर्वसामान्याच्या दिशेने ढकलले, ते या स्वभावामुळे.

मराठीची अवघड वळणे

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. हे १८ नियम आजही प्रमाण लेखनाचा आधार आहेत. नियम थोडे असले, तरी त्यांतील काही शब्दाचे मूळ ओळखता येण्यावर अवलंबून आहेत आणि यंत्र अडखळते ते येथेच.

उदाहरणार्थ, 'जमीन' आणि 'शरीर' हे दोन्ही शब्द दिसायला सारखे. दोन्हींत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ. परंतु प्रत्यय लागला की 'जमिनीत' असे ऱ्हस्व होते आणि 'शरीरात' मात्र दीर्घच राहते. कारण 'शरीर' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम, शब्द आहे आणि 'जमीन' तसा नाही. 'पूल'चे 'पुलावर' होते, 'दूत'चे 'दूताला' होते. त्याचप्रमाणे 'स्मृती' एकटा आला तर अन्त्य वेलांटी दीर्घ; पण समासात पहिला आला तर 'स्मृतिदिन' असा ऱ्हस्व. 'कवी' दीर्घ, 'कविसंमेलन' ऱ्हस्व. यंत्र कधी हे अचूक सांगते, तर कधी 'पूलावर' हेच योग्य असल्याचे तितक्याच ठामपणे पटवून देते. त्याच्या स्वरात खात्री आणि अंदाज यांत फरक नसतो. वर कारण विचारले, तर अस्तित्वात नसलेला नियमही ते सुबक भाषेत सांगू शकते.

दुसरी अडचण हिंदीची. दोन्ही भाषांची लिपी देवनागरी आणि हिंदीतील मजकुराचा साठा अधिक मोठा. त्यामुळे 'शक्ती', 'कवी', 'हेतू' यांच्या जागी 'शक्ति', 'कवि', 'हेतु' अशी हिंदी वळणाची रूपे डोकावतात. शब्द एकच पण अर्थ निराळा असेल, तर धोका वाढतो. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत 'यातायात' म्हणजे वाहतूक, मराठीत त्रास आणि दगदग. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. शिक्षणसंस्थेच्या अहवालात 'शिक्षा'चा प्रसार झाला, तर वाचक दचकणारच.

तिसरी अडचण इंग्रजीची. या साधनांचे वाचन प्रामुख्याने इंग्रजी असल्याने त्यांची मराठी पुष्कळदा भाषांतरित वाटते. 'समितीने निर्णय घेतला' हे सरळ वाक्य 'समितीद्वारे निर्णय घेतला गेला' असे होते. प्रत्येक गोष्ट 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते' आणि जीवनाचा 'अविभाज्य भाग' बनते. यात व्याकरणाची चूक दाखवता येत नाही. पण चार ओळी वाचताच लेखनाला माणसाचा हात लागलेला नाही, हे जाणवते.

आणखी एक तांत्रिक बाब येथे समजून घ्यायला हवी. ही साधने मजकूर आपल्याप्रमाणे अक्षरागणिक पाहत नाहीत. तो तुकड्यांमध्ये फोडून घेतात. अनेक प्रणालींत देवनागरीतील एकाच शब्दाचे रोमन लिपीतील शब्दापेक्षा अधिक तुकडे पडतात. म्हणून एखादी वेलांटी कोणत्या बाजूची आहे, यासारख्या सूक्ष्म बाबी त्यांच्या नजरेतून निसटू शकतात आणि शब्द मोजून सांगण्यासारख्या सोप्या कामातही ती चुकतात.

बोली ही चूक नव्हे

तात्यांच्या वहीत आजीचे एक वाक्य अवतरणचिन्हांत होते, "लेकरा, भाकरी मोजू नगंस, माणसं मोज." यंत्राने त्याचे प्रमाण मराठीत रूपांतर केले होते. येथे यंत्र नियमानेही चुकले होते, हे आवर्जून सांगायला हवे. पात्राच्या तोंडी घातलेले बोलणे उच्चारानुसार लिहावे, असे महामंडळाच्या नियमांतच नमूद आहे. म्हणजे ज्या शुद्धलेखनाच्या नावाखाली आजीचे बोलणे बदलले गेले, त्याच शुद्धलेखनाने तिला तसे बोलण्याची मुभा दिलेली होती.

वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा पश्चिम महाराष्ट्रातील बोलीत लिहिणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली, ती त्यांच्या बोलीसह. त्या वेळी कोणी ती 'व्यवस्थित करून' घेतली असती, तर मराठीचे किती नुकसान झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. कार्यालयीन पत्र, अहवाल, पाठ्यपुस्तक यांत प्रमाण लेखन हवेच. त्याबद्दल दुमत नाही. परंतु आठवणी, कथा, पत्रे यांत लेखकाने बोली जाणीवपूर्वक निवडलेली असू शकते. जाणीवपूर्वक केलेली निवड आणि अजाणतेपणी झालेली चूक यांतील फरक केवळ लिहिणाऱ्यालाच सांगता येतो.

सूचना कशी द्यावी

मग हे साधन वापरावे तरी कसे? पहिली गोष्ट, लेख आधी स्वतः पूर्ण करावा. शक्य असल्यास एक रात्र बाजूला ठेवावा आणि सकाळी मोठ्याने वाचावा. श्वास अडखळतो तेथे वाक्य अडखळलेले असते. त्यानंतरच यंत्राकडे जावे. मूळ मजकुराची प्रत वेगळी जपून ठेवावी, हे सांगायची गरज नाही. तरीही घाईत विसरले जाते ते नेमके हेच.

दुसरी गोष्ट, संपूर्ण लेख एकदम देऊ नये. मजकूर मोठा झाला की तपासणी पुढे पुढे विरळ होत जाते. दोन-तीन परिच्छेद देऊन काम करून घेतल्यास चुका अधिक सापडतात आणि प्रत्येक सुचवणी नीट पाहताही येते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुधारलेला लेख मागू नये, चुकांची यादी मागावी. सूचना अशी देता येईल:

"तू मुद्रितशोधक आहेस. खालील मजकूर पुन्हा लिहू नकोस. फक्त शुद्धलेखन, विरामचिन्हे, लिंग-वचन आणि विभक्ती यांतील चुकांची यादी दे. प्रत्येक ठिकाणी मूळ शब्द, सुचवलेला शब्द आणि त्याचे कारण लिही. नावे, आकडे, तारखा, अवतरणचिन्हांतील बोलणे आणि बोलीतील शब्द यांना हात लावू नकोस. जेथे शंका असेल तेथे दुरुस्ती न करता प्रश्न विचार."

या सूचनेतील शेवटचे वाक्य म्हणजे जुन्या मुद्रितशोधकाचे समासातील प्रश्नचिन्ह. यादी हाती आली की प्रत्येक दुरुस्ती आपण स्वतः मजकुरात करायची किंवा नाकारायची. यात वेळ जातो, हे खरे. पण त्याच वेळात कोणता शब्द का बदलला, हे आपल्याला कळत असते.

यादीतील शंकास्पद दुरुस्त्या कोशात पडताळून पाहाव्यात. मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण व लेखन' आणि अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' यांसारखे ग्रंथ अजूनही अंतिम शब्द सांगण्यासाठी उपयोगी पडतात. एखादे साधन किती विश्वासार्ह आहे हे जोखायचे असेल, तर एक सोपा प्रयोग करावा. पूर्णपणे शुद्ध असलेल्या परिच्छेदात आपणच पाच चुका पेराव्यात आणि तो तपासायला द्यावा. पाचांपैकी किती सापडल्या आणि नसलेल्या किती 'सापडल्या', हे पाहिले की त्याची पारख होते. चुका शोधण्यास सांगितले की काहीतरी शोधून दाखवण्याकडे या साधनांचा कल असतो. उलट 'लेख कसा वाटला' असे विचारले, तर ती सहसा स्तुती करतात. दोन्ही गोष्टी मनावर घेऊ नयेत.

प्रश्न विचारणारा वाचक

शुद्धलेखनाची फेरी झाल्यावर दुसरी फेरी अर्थाची करावी. येथेही उत्तर न मागता प्रश्न मागणे हिताचे. 'कोणते वाक्य दोन अर्थांनी वाचता येते?', 'कोठे वाचकाला माहिती अपुरी वाटेल?', 'कोणती गोष्ट दोनदा सांगितली आहे?' असे विचारावे आणि पर्यायी वाक्य सुचवू नये, असे बजावावे.

'मंत्र्यांनी अधिकाऱ्यांना त्यांच्या कार्यालयात बोलावले' हे वाक्य पाहा. कार्यालय कोणाचे? मंत्र्यांचे की अधिकाऱ्यांचे? लिहिणाऱ्याला ते ठाऊक असते, म्हणून त्याला यात संदिग्धता दिसत नाही. यंत्र ती दाखवून देते. तिथे 'आपल्या कार्यालयात' लिहायचे की 'अधिकाऱ्यांच्या कार्यालयात' जाऊन भेट झाली असे लिहायचे, हे मात्र ज्याने घटना पाहिली आहे त्यानेच ठरवायचे.

यंत्राच्या आवाक्याबाहेरची चूकही एक आहे. 'मिरवणुकीला परवानगी देण्यात आली नाही' या वाक्यातून टंकलेखनात 'नाही' गळले आणि 'देण्यात आली' असे राहून गेले, तर उरलेले वाक्य निर्दोष असते. शुद्धलेखन बरोबर, व्याकरण बरोबर, अर्थ मात्र उलटा. बाकीच्या मजकुरात विसंगती नसेल, तर ती कोणतेही साधन पकडू शकणार नाही. म्हणून तथ्यांची शेवटची तपासणी मूळ टिपणाशी ताडून माणसानेच करावी लागते.

आकडे, नावे आणि खासगी बाबी

पुनर्लेखन करवून घेतलेच, तर परत आलेल्या मजकुरातील प्रत्येक नाव, आकडा आणि तारीख मूळ प्रतीशी ताडून पाहावी. 'सुमारे दोनशे लोक' यांचे 'शेकडो नागरिक' होणे किंवा 'आरोप आहे' याचे 'सिद्ध झाले' होणे ही निव्वळ शैलीची बाब नाही. 'साठे' आणि 'साठ्ये' ही दोन वेगळी आडनावे आहेत. त्यांतील एक चुकीचे नाही. शब्दप्रक्रिया करणाऱ्या बहुतेक प्रणालींत दोन दस्तऐवजांची तुलना करण्याची सोय असते. ती वापरल्यास कोठे काय बदलले, हे रंगीत खुणांनी दिसते. वहीतील सहावे लेकरू कोठे गेले, हे या सोयीने मला एका मिनिटात कळले असते.

खासगी मजकुराबाबतही सावधगिरी हवी. आपण चिकटवलेला मजकूर सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावर जातो. काही सेवांमध्ये तो प्रणाली सुधारण्यासाठी वापरला जाण्याची शक्यता असते आणि ते थांबवायचे असल्यास सेटिंगमध्ये जाऊन तशी निवड करावी लागते. दुसऱ्याचे पत्र, रुग्णाची कागदपत्रे, कार्यालयातील गोपनीय टिपण, आधार किंवा बँक खात्याचा क्रमांक असलेला अर्ज असा मजकूर तपासायला देण्यापूर्वी त्यातील ओळख पटवणारे तपशील काढून टाकावेत. शक्यतो देऊच नये. स्पर्धा, शिष्यवृत्ती किंवा विद्यापीठाचा प्रबंध यांसाठी लिहिताना संबंधित संस्थेचे नियम आधी पाहावेत. शुद्धलेखनाची मदत आणि लेखनाची मदत यांत अनेक ठिकाणी फरक केला जातो.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक सूचना. बहुतेकांच्या चुका असंख्य नसतात. त्याच दहा-वीस चुका पुन्हा पुन्हा होतात. कोणाचा 'परीक्षा'चा 'री' चुकतो, कोणाचा 'महत्त्व'मधला एक 'त' गळतो, कोणाला 'उज्ज्वल' लिहिता येत नाही. यंत्राने दिलेल्या यादीतून आपल्या चुका एका वहीत उतरवून काढल्या, तर काही महिन्यांत यादीच आखूड होत जाते. तयार सुधारलेला मजकूर घेणाऱ्याच्या चुका मात्र दर वेळी तितक्याच राहतात.

तात्यांची वही, दुसऱ्यांदा

वर्षश्राद्धाला तीन दिवस उरले असताना तात्यांचा मूळ मजकूर पुन्हा त्याच साधनाला दिला. या वेळी दोन-दोन पाने आणि वर दिलेली सूचना. चुकांची यादी आली. ती छापून तात्यांसमोर ठेवली आणि आम्ही दोघे ओसरीवर बसलो.

'आशिर्वाद'चे 'आशीर्वाद', 'जमीनीत'चे 'जमिनीत' आणि 'स्मृतीदिन'चे 'स्मृतिदिन' तात्यांनी लगेच मान्य केले. शेवटच्या दुरुस्तीचे कारणही त्यांनी विचारून घेतले. 'उजाडल्यालं' हा शब्द यंत्राने यादीत घातला होता, बोलीला हात लावू नकोस असे सांगूनही. तात्यांनी त्यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. यंत्राने एके ठिकाणी प्रश्नही विचारला होता. एका पानावर थोरली बहीण पुण्याला दिल्याचे लिहिले होते आणि दुसऱ्या पानावर मुंबईला; यांपैकी योग्य कोणते? तात्या हसले. "आधी पुण्याला व्हती, मग म्हमईला गेली. लिवायचं ऱ्हायलं," असे म्हणून त्यांनी समासात एक ओळ वाढवली. अकरा पानांची वही तपासायला दुपार गेली.

पुस्तिका वेळेवर छापून झाली. मुखपृष्ठावर 'स्मृतिदिन'मधील वेलांटी ऱ्हस्व आहे. तिसऱ्या पानावर 'सहा लेकरं झाली, पाच जगली' हे वाक्य वहीत होते तसेच आहे.